चार खाटांच्या जागी पाचवी खाट

इंग्लंडच्या मध्यभागी असलेले कॉव्हेंट्री हे शहर आपल्या वाचकांपैकी बऱ्याच जणांनी नावाने तरी ऐकलेले असेल. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी या शहरावर अग्निवर्षाव केला आणि तेथील जुने कॅथेड्रल जळून गेले. त्याच्या भग्न भिंती मुद्दाम तशाच ठेवून शेजारी नवे कॅथेड्रल उभारण्यात आले व १९६२ साली ते उघडले. सायकली आणि मोटारी बनवणारे शहर म्हणूनही त्याची ख्याती होती. लेडी गोडायव्हाची आख्यायिका याच शहराची. प्रजेवरचा कर कमी व्हावा म्हणून धन्याशी हट्ट धरणाऱ्या त्या स्त्रीचा पुतळा आजही तेथे भरचौकात उभा आहे.

आज मात्र आम्ही या शहराच्या इस्पितळाविषयी लिहिणार आहोत. मोरिशसच्या मराठी माणसाला कॉव्हेंट्रीच्या इस्पितळाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच घरांत आहे. साठ-सत्तरच्या दशकांत आपल्या बेटावरून कितीतरी मुले-मुली परिचर्येचे शिक्षण घ्यायला इंग्लंडला गेली आणि तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेत आयुष्यभर राबली. त्या सेवेचा भार ज्यांनी उचलला त्यांत आपले आप्तही होते. दुसरे असे की, मोफत रुग्णसेवेची जी कल्पना आपण अभिमानाने जोपासतो, तिचे एक मोठे उदाहरण म्हणजे ५ जुलै १९४८ रोजी इंग्लंडात सुरू झालेली हीच सेवा. थोरल्या घरी जे घडते त्याकडे धाकट्या घराने लक्ष द्यावे, हे शहाणपणाचेच आहे.

पाचवी खाट

कॉव्हेंट्रीच्या ईशान्येकडील कडेला वॉल्सग्रेव्ह नावाचा भाग आहे. तेथील इस्पितळात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एक पद्धत रूढ झाली होती. चार रुग्णांसाठी आखलेल्या कक्षात पाच खाटा लावायच्या. या पद्धतीला 'चारांत पाच' असेच नाव पडले होते. रुग्ण जास्त, खाटा कमी, दारात ताटकळणारे लोक, आणि वरून लवकर दाखल करून घेण्याचा तगादा. अशा वेळी एक खाट जास्तीची सरकवली तर काय बिघडले, असा विचार कोणालाही सुचेल.

बिघडते ते असे. कक्ष चारांसाठी बांधलेला असतो, तेव्हा भिंतीतील प्राणवायूची नळी चार ठिकाणी, विजेची जोडणी चार ठिकाणी आणि घशातला कफ ओढून काढणारे यंत्र लावण्याची सोयही चारच ठिकाणी असते. दोन खाटांमध्ये डॉक्टर आणि परिचारिकेला यंत्रासह उभे राहता यावे एवढे अंतर ठेवलेले असते. पाचवी खाट आली की ते अंतर नाहीसे होते. रुग्ण स्वस्थ झोपलेला असेपर्यंत कोणाला काही कळत नाही. त्याचे हृदय बंद पडते, तेव्हा मात्र एकेक क्षण मोलाचा असतो. आम्ही शिक्षक मंडळी ही गोष्ट आपल्या परीने जाणतो. चार मुलांच्या बाकावर पाच मुले बसवली तर हजेरीपटावर सर्व ठीक दिसते. पण कोणाला लिहिता येत नाही, हे बाकावर बसणाऱ्यालाच कळते. फरक इतकाच की शाळेत अक्षर बिघडते, इस्पितळात माणूस जातो.

त्या इस्पितळातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. राज मट्टू हे भारतीय वंशाचे. १९९९ साली अशा दाटीवाटीच्या कक्षांत दोन रुग्ण दगावले, आणि वेळीच हवी ती साधने त्यांच्यापर्यंत पोहोचू शकली नाहीत, असे डॉ. मट्टू यांचे म्हणणे होते. आधी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही चिंता इस्पितळाच्या वरिष्ठांपुढे मांडली. पुढे २००१ साली डॉ. मट्टू बीबीसीवर उघडपणे बोलले. त्याच वर्षी आरोग्य सुधारणा आयोग या सरकारने नेमलेल्या तपासणी संस्थेनेही आपल्या अहवालात 'चारांत पाच' या पद्धतीवर टीका केली. म्हणजे एका डॉक्टराने जे सांगितले तेच तपासनीसांनाही दिसले.

यानंतर काय व्हायला हवे होते, हे कोणीही सांगेल. पाचव्या खाटा निघाव्यात, मृतांच्या घरच्यांना सर्व हकीकत सांगावी आणि डॉक्टरचे आभार मानावेत. प्रत्यक्षात फेब्रुवारी २००२ मध्ये डॉ. मट्टू यांच्यावरच सहकाऱ्याला त्रास दिल्याचा आरोप ठेवून त्यांना निलंबित करण्यात आले. ते निलंबन पाच वर्षांहून अधिक काळ चालले. या सर्व काळात त्यांचा पगार चालू होता, पण त्यांच्या हातून एकही रुग्ण तपासला जात नव्हता. २००७ साली त्या आरोपातून ते मोकळे झाले. तरीही २०१० साली त्यांना नोकरीवरून काढण्यात आले. शेवटी एप्रिल २०१४ मध्ये बर्मिंगहॅमच्या नोकरीविषयक न्यायाधिकरणाने निर्णय दिला की त्यांची बडतर्फी अन्यायाची होती, आणि धोक्याची सूचना दिल्यामुळे त्यांना हानी सोसावी लागली. २०१६ साली त्यांना १२ लाख २० हजार पौंडांची भरपाई मंजूर झाली.

इंग्रजीत 'कॉव्हेंट्रीला पाठवणे' असा एक जुना वाक्प्रचार आहे. त्याचा अर्थ, एखाद्याशी कोणी बोलायचे नाही, त्याला वाळीत टाकायचे. कॉव्हेंट्रीच्या इस्पितळात काम करणाऱ्या डॉक्टरवरच कॉव्हेंट्रीला जाण्याची वेळ यावी, हा दैवाचा खेळ म्हणायचा. पण वाळीत टाकण्याची चाल काही इंग्रजांची एकट्याची नाही. आपल्या पूर्वजांच्या गावांतही ती होती. त्याच गावांत जागल्याही होता. रात्री गावाची राखण करणारा, चोर दिसला की हाळी देणारा तो जागल्या. आज महाराष्ट्रात, आतली गोष्ट लोकहितासाठी बाहेर सांगणाऱ्याला हाच शब्द वापरतात. जागल्याने हाळी दिल्यावर गावाने चोराऐवजी जागल्यालाच बांधून ठेवावे, तसे येथे झाले.

जाब कोणाला द्यायचा?

कोणी म्हणेल, काही माणसे वाईट होती, एवढाच याचा अर्थ. आम्हांस तसे वाटत नाही. इस्पितळाचे अधिकारी चोर नव्हते. मग शहाणीसुरती माणसे असे का वागतात? याचे उत्तर आमच्या मते एकाच प्रश्नात आहे. त्यांना जाब कोणाला द्यावा लागत होता?

राष्ट्रीय आरोग्य सेवा उभी करणारे मंत्री अन्यूरिन बेव्हन यांची कल्पना अशी होती की, दूरच्या खेड्यातील इस्पितळात एखादे भांडे खाली पडले तरी त्याचा आवाज थेट पार्लमेंटात ऐकू गेला पाहिजे. म्हणजे सर्व जबाबदारी शेवटी मंत्र्याची. ही कल्पना उदात्त होती. पण हजारो इस्पितळांतल्या भांड्यांचा आवाज एक मंत्री कसा ऐकणार? म्हणून १९७४ साली प्रत्येक भागात सामुदायिक आरोग्य परिषदा स्थापन झाल्या. गावातील माणसे तेथे बसत, इस्पितळात जाऊन पाहणी करत, आणि एखादे इस्पितळ बंद करण्याला त्यांनी हरकत घेतली तर ते प्रकरण मंत्र्यापर्यंत जाई. १९९० च्या कायद्याने इस्पितळांचे स्वतंत्र ट्रस्ट झाले. पैसे देणारे एका बाजूला आणि सेवा विकणारे दुसऱ्या बाजूला, अशी बाजाराची रचना आली. त्या वेळी ट्रस्टच्या मंडळाने वर्षातून एक जाहीर सभा घेतली तरी पुरे होते. १९९७ नंतर मंडळाच्या सभा लोकांसाठी खुल्या कराव्या लागल्या.

या सर्व बदलांत एक गोष्ट सारखी वाढत गेली. ती म्हणजे वरून येणारे आकडे. प्रतीक्षायादी किती, खर्च किती, अमुक तासांत किती रुग्ण हलवले. आकडे वाईट असे आम्ही म्हणत नाही. हजेरीपट हवाच. पण ज्याची नोकरी वरच्या आकड्यावर अवलंबून असते, त्याचे तोंड वर असते. पाचव्या खाटेवरचा रुग्ण त्याच्या पाठीमागे असतो. कॉव्हेंट्रीत प्रतीक्षायादी मोजणारे होते, पैसा मोजणारे होते. खाट आणि भिंत यांतले अंतर मोजणारा मात्र त्या कक्षात काम करणाराच होता, आणि त्यानेच बोलल्यावर त्याला बाहेर काढले गेले.

नवी इमारत

याच काळात कॉव्हेंट्रीत इस्पितळ सुधारणेचा आणखी एक मोठा प्रयोग चालू होता. शहराच्या मध्यभागाजवळ स्टोनी स्टॅन्टन रोडवर जुने कॉव्हेंट्री अँड वॉरिकशायर इस्पितळ होते. महायुद्धातील बाँबवर्षावात त्याचीही मोठी हानी झाली होती, तरी ते पुन्हा उभे राहिले. लोकांना ते पायी किंवा बसने गाठता येई. ते बंद करून सर्व सेवा वॉल्सग्रेव्हला एका नव्या भव्य इमारतीत न्यायच्या, असे ठरले.

पैसा कोठून आणायचा? इंग्लंडात १९९२ पासून एक योजना होती. सरकारने स्वतः कर्ज काढून इस्पितळ बांधायचे नाही. खाजगी कंपन्यांच्या समूहाने कर्ज काढायचे, इमारत बांधायची, आणि पुढे तीस-चाळीस वर्षे तिची देखभाल करायची. इस्पितळाने त्यांना दरवर्षी ठरलेली रक्कम द्यायची. कॉव्हेंट्रीचा करार २००२ साली झाला, म्हणजे डॉ. मट्टू निलंबित झाले त्याच वर्षी. सुमारे ४० कोटी पौंड खर्चाचे नवे विद्यापीठ इस्पितळ २००६ साली उघडले आणि जुने बंद झाले. लेखक जॉर्ज मॉन्बिओ यांनी करार होण्याआधीच, २००० साली, आपल्या 'कॅप्टिव्ह स्टेट' या पुस्तकात या योजनेवर कडक टीका केली होती. शहरातही जुन्या इस्पितळासाठी लढणारे लोक होते.

नव्या इमारतीत चांगले काहीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ते मोठे शिक्षण-इस्पितळ आहे, तेथे कठीण शस्त्रक्रिया होतात, दूरदूरचे रुग्ण तेथे येतात. जुन्या गळक्या इमारतीपेक्षा ते रुग्णाला सुखाचे आहे. प्रश्न इमारतीचा नाही, कागदाचा आहे. या पद्धतीत ठरलेला वार्षिक हप्ता आधी द्यावा लागतो. पैशाची तंगी आली तर इमारतीचा हप्ता कमी करता येत नाही. मग कात्री कोठे लागणार, हे घरखर्च चालवणाऱ्या आपल्या भगिनींना वेगळे सांगायला नको. घराचे भाडे करारात बांधलेले असले की काटकसर भाजीत होते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे असे करार पिढीभर टिकतात. ज्या मंत्र्याने मान्यता दिली तो जातो, ज्या अधिकाऱ्याने सही केली तो दुसरीकडे जातो किंवा निवृत्त होतो. शहराची जी मुले त्या वर्षी जन्मली ती मोठी होऊन कर भरू लागतात, तरी हप्ता चालूच असतो. आणि कोणी आकडे विचारले तर 'व्यापारी गुप्तता' हा शब्द पुढे केला जातो. सार्वजनिक पैसा, सार्वजनिक रुग्ण, आणि कागद मात्र खाजगी! ऑक्टोबर २०१८ मध्ये ब्रिटिश सरकारनेच जाहीर केले की यापुढे अशा पद्धतीचे नवे करार करणार नाही. पण झालेले करार चालूच राहिले.

राखणदार बदलत राहिले

कॉव्हेंट्रीची गोष्ट एकटी असती तर आम्ही ती इतकी ताणली नसती. ब्रिस्टल येथील इस्पितळात लहान मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियांत फार मृत्यू होत आहेत, असे स्टीफन बोल्सिन या भूल देणाऱ्या डॉक्टरने नव्वदच्या सुमारास सांगायला सुरुवात केली. त्यांना पुढे ऑस्ट्रेलियात जाऊन नोकरी करावी लागली. २००१ सालच्या चौकशी अहवालाने दाखवले की १९९१ ते १९९५ या काळात एक वर्षाखालील ३० ते ३५ बालके तेथे अपेक्षेपेक्षा जास्त दगावली. त्यानंतर स्टॅफर्डचे प्रकरण झाले. हे गाव कॉव्हेंट्रीप्रमाणेच मध्य इंग्लंडातले. आपल्या आईचा मृत्यू डोळ्यांनी पाहिलेल्या ज्युली बेली या बाईंनी २००७ नंतर इतर कुटुंबांना एकत्र केले आणि वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. रॉबर्ट फ्रान्सिस यांचा सार्वजनिक चौकशीचा अहवाल फेब्रुवारी २०१३ मध्ये आला, त्यात २९० शिफारशी होत्या. इस्पितळाचे मंडळ हिशेब आणि दर्जाची पदवी मिळवण्याच्या मागे लागले आणि रुग्णाकडे दुर्लक्ष झाले, हा त्याचा निष्कर्ष होता.

या चौकशांतून काही चांगल्या गोष्टी निघाल्या, त्याही सांगितल्या पाहिजेत. नोव्हेंबर २०१४ पासून इंग्लंडच्या इस्पितळांवर कायद्याने बंधन आले की, उपचारात गंभीर चूक होऊन रुग्णाला इजा झाली तर त्याला किंवा त्याच्या घरच्यांना ती सांगितली पाहिजे, क्षमा मागितली पाहिजे आणि लेखी कळवले पाहिजे. त्याच वर्षापासून प्रत्येक कक्षाबाहेर, या पाळीत किती परिचारिका हव्यात आणि प्रत्यक्षात किती आहेत, हे फळ्यावर लिहिण्याची पद्धत आली. २०१६ पासून कर्मचाऱ्यांना निर्भयपणे बोलता यावे म्हणून प्रत्येक ट्रस्टमध्ये खास पालक नेमण्यात आले.

पण लोकांच्या बाजूने पाहणाऱ्या संस्थांचे काय झाले? १९७४ च्या सामुदायिक आरोग्य परिषदा इंग्लंडात २००३ साली मोडण्यात आल्या. त्यांच्या जागी रुग्णमंच आले, ते २००८ साली गेले. मग दुसरे जाळे आले, ते २०१३ साली गेले आणि 'हेल्थवॉच' आले. २०२५ साली सरकारने तेही बंद करण्याचा इरादा जाहीर केला. वर्गाचा मॉनिटर दर आठवड्याला बदलला तर मुलांना त्याचे नावही आठवत नाही. तक्रार घेऊन जायचे कोणाकडे, हे लोकांना कळू लागेपर्यंत ती पाटीच बदललेली असते. इमारतीचा करार चाळीस वर्षांचा, आणि राखणदाराची नेमणूक पाच-दहा वर्षांची, हा कोणता हिशेब?

नांदेड आणि आपले बेट

इंग्लंड सोडून पूर्वजांच्या देशाकडे वळलो, तर तेथेही तीच पाचवी खाट दिसते. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ च्या दरम्यान महाराष्ट्रात नांदेड येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. मंजूर खाटांपेक्षा कितीतरी जास्त रुग्ण तेथे दाखल होते. औषधे आणि माणसे यांच्या कमतरतेची चर्चा देशभर झाली. मग एका खासदाराने येऊन इस्पितळाच्या प्रभारी अधिष्ठात्याला हाती झाडू देऊन शौचालय साफ करायला लावले, आणि त्याचे चित्रण सर्वत्र दाखवले गेले.

वाचकहो, हा जाब विचारणे नव्हे. हा तमाशा झाला. लोकांचा राग क्षणभर शमतो, पण ज्याने औषधखरेदी थांबवली, ज्याने रिकाम्या जागा भरल्या नाहीत, ज्याने खाटा वाढवल्या नाहीत, त्याला कोणी विचारत नाही. जो समोर सापडला त्याला अपमानित करणे आणि ज्याने निर्णय घेतला त्याला प्रश्न विचारणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मुंबई उच्च न्यायालयाने या मृत्यूंची स्वतःहून दखल घेतली आणि सरकारकडे खाटा, माणसे व औषधांचा तपशील मागितला. आमच्या मते जाब विचारण्याची खरी रीत ती.

आता आपल्या बेटाकडे या. आपली पाच प्रादेशिक इस्पितळे आहेत. पोर्ट लुईचे जीतू, पाम्प्लेमूसचे रामगुलाम, रोझ बेलचे नेहरू, फ्लाक आणि काँदोसचे व्हिक्टोरिया. तेथे उपचार मोफत आहेत आणि ही आपली मोठी कमाई आहे. ज्यांचे आजे-पणजे उसाच्या मळ्यांत तापाने गेले, त्यांच्या नातवंडांना आज पैशावाचून शस्त्रक्रिया मिळते, हे आम्ही विसरत नाही. पण मोफत मिळते म्हणून प्रश्न विचारू नये, ही समजूत आम्हांस घातक वाटते. मोफत म्हणजे दान नव्हे. आपल्या करांतून, आपल्या श्रमांतून ते आधीच भरलेले आहे.

२०२१ साली, कोविडच्या दिवसांत, आपल्या बेटावर डायलिसिसच्या काही रुग्णांचा मृत्यू झाला. त्यांच्या कुटुंबांनी जाब मागितला आणि चौकशी समिती नेमली गेली. या कुटुंबांना पैशापेक्षा आधी काय हवे होते? काय झाले ते कोणीतरी समोर बसून सांगावे, आणि अहवाल वाचायला मिळावा. आईबाप गमावलेल्या माणसाला यापेक्षा साधी मागणी काय करता येईल? चौकशी नेमणे ही अर्धी गोष्ट आहे. ती उघड करणे आणि तिच्यावर काय केले ते सांगणे ही दुसरी अर्धी. पहिल्या अर्ध्याला टाळ्या मिळतात, दुसऱ्याला वाट पाहावी लागते.

आपण काय करावे?

आमच्या वाचकांत शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, मंत्रालयांत काम करणारे आहेत, आणि आठवड्यातून एकदा आजीला औषधाला नेणारे तरुणही आहेत. या सर्वांना आम्ही तीन-चार साध्या गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट. तक्रार करताना माणसावर चिडू नका, निर्णय विचारा. बाह्यरुग्ण विभागात तीन तास बसावे लागले तर खिडकीवरच्या मुलीला बोलून काय उपयोग? आज किती डॉक्टर असायला हवे होते, किती आले, आणि कमी का, हा प्रश्न लेखी विचारा. तारीख, वेळ, कक्षाचे नाव आणि ज्याने उत्तर दिले त्याचा हुद्दा लिहा. एक प्रत स्वतःजवळ ठेवा. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, कागद मात्र कोणाच्या तरी मेजावर पडून राहतो आणि टोचत राहतो.

दुसरी गोष्ट. नवीन इस्पितळाची कोनशिला बसते तेव्हा आपण सर्व आनंदाने फोटो पाहतो. त्या दिवशी एक प्रश्न विचारायला शिका. ही इमारत कोणाच्या पैशाने, किती वर्षांच्या कराराने, आणि तीत काम करायला माणसे किती मंजूर आहेत? दरवर्षी लेखापरीक्षण संचालकांचा अहवाल राष्ट्रीय विधानसभेपुढे येतो. त्यात आरोग्य खात्याचाही हिशेब असतो. वर्तमानपत्रे दोन दिवस त्यावर लिहितात आणि सर्व शांत होते. आपल्या संस्थांनी, आपल्या बैठकांनी त्यातील आरोग्याचा भाग तेवढा एक संध्याकाळ बसून वाचला तर काय बिघडेल? भजनाआधी अर्धा तास पुरे.

तिसरी गोष्ट. कॉव्हेंट्रीचा फळा येथेही मागा. 'या कक्षात खाटा इतक्या, आज रुग्ण इतके, परिचारिका इतक्या हव्यात, हजर इतक्या.' चार ओळींचा फळा आणि एक खडू. यासाठी कर्ज नको, परदेशी सल्लागार नको. खाटा चार आणि रुग्ण पाच, हे भिंतीवर लिहिलेले असले की ते कोणाला लपवता येत नाही, आणि ज्याला लपवायचे नाही त्याला त्या फळ्याचा आधारच होतो.

चौथी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या घरातील एखादी सून किंवा मुलगा इस्पितळात नोकरीला आहे, आणि तो घरी येऊन म्हणतो की तेथे काहीतरी धोक्याचे चालले आहे. आपले पहिले बोलणे काय असते? 'गप्प राहा, सरकारी नोकरी आहे, बढती जाईल.' आम्हीही घरांतून हेच ऐकत आलो आहोत. ते प्रेमापोटीच असते. पण त्या दिवशी पाचव्या खाटेवर दुसऱ्या कोणाची तरी आई असते. डॉ. मट्टू यांना न्याय मिळाला, तेव्हा ते बोलल्याला तेरा वर्षे झाली होती. इतकी वर्षे एकट्याने उभे राहणे फार थोड्यांना जमते. म्हणून बोलणाऱ्याला एकटे पडू देऊ नये, हे काम कायद्याचे आहे, आणि कायद्याआधी ते कुटुंबाचे, संघटनेचे आणि समाजाचे आहे. तो लेखी कळवत असेल तर त्याच्याबरोबर बसून ते पत्र नीट लिहायला मदत करा. पत्र वरिष्ठाकडे, मग त्याच्या वरच्याकडे, रीतीने जाऊ द्या. संघटनेला प्रत द्या. आणि उत्तर आले नाही तर महिन्याने पुन्हा लिहा.

इस्पितळांची सुधारणा व्हावी असे सर्व पक्ष म्हणतात, सर्व मंत्री म्हणतात. नवी यंत्रे येतील, नव्या इमारती उठतील, आणि यावीत, उठावीत. पण पुढच्या वेळी कोणी सुधारणेचे नाव घेईल, तेव्हा त्यांना आपण एवढेच विचारावे: या इस्पितळात सर्वांत धाकट्या परिचारिकेने 'येथे पाचवी खाट लावू नका' असे म्हटले, तर तिचे ऐकायला कोण बांधलेला आहे? त्याचे नाव आणि हुद्दा आम्हाला सांगा. हे उत्तर मिळाले तर पुढचे बोलू.